रेवदंड्यासमोरचा गाळ

रोहा, ७ डिसेंबर १९९७

गाळ आला. अखेर आला.

सकाळी रेवदंड्याहून ट्रॉलर निघाला. पुण्याचे साठे सर (माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक) बंदर सुटल्यापासून कठड्याला धरून ओकत होते. किनारा पुसट झाल्यावर तांडेलाने इंजिन बंद केलं. शिसं बांधलेला पाइप पाण्यात सोडला. दोरी सरसर गेली नि एकदम सैल पडली. म्हणजे तळाशी रुतला. ओढून काढायला सगळे लागले, सरसुद्धा.

पाइपच्या आत माझ्या उंचीहून जास्त गाळ. वरचा तपकिरी, शेंबडासारखा. मग हिरवट काळा. अगदी तळाचा निळसर करडा, घट्ट, पेणच्या मूर्तिकारांकडचा भिजवलेला शाडू असतो तसा. त्यात नखाएवढे शिंपले. वास थेट आमच्या मिठागराचा.

तांडेल म्हणाला, "मॅडम, ह्या चिखलापायी एवढा डिझेल जाळला? परतताना जाळं तरी टाकू द्या."

टाकू दिलं. बोंबील मिळाले. सरांनी त्यांच्याकडे पाहून पुन्हा तोंड फिरवलं.

परतताना मी पाइप मांडीवर आडवा धरून बसले होते. तळाकडचं टोक उजव्या हाताशी. तिथला गाळ तळाशी साचत होता तेव्हा हा किनारा इथे होता की नाही, कोणाला ठाऊक.

९ डिसें.

कॉलेजच्या फ्रिजवर भरवसा नाही. रोज लाइट जाते. गाळ वितळला की संपलं, आतले जंतू सगळं खाऊन टाकतील.

नवऱ्याने, प्रकाशने, मार्ग काढला. त्याच्या कंपनीतल्या कोणाच्या तरी ओळखीने अष्टमी गावच्या हमीदभाईंकडे नेलं. पूल ओलांडला की उजव्या हाताला त्यांचा बर्फाचा कारखाना. पांढरी दाढी, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. बाहेर घाम येतोय आणि हे असे.

"काय हाय बाई आत? मासली?"

समुद्राच्या तळाचा गाळ आहे, म्हटलं. सांगत गेले. पाण्यात जे जे जगतं, मासे, किडे, डोळ्याला न दिसणारं शेवाळ, ते मरतं आणि कणाकणाने खाली पडतं. थरावर थर. प्रत्येकाच्या पेशीत एक धागा असतो, डीएनए, तो जीव कोण ते त्यात लिहिलेलं. बाकी सगळं कुजतं, पण त्या धाग्याचे तुकडे कधी कधी मातीच्या कणांना चिकटून राहतात. ते वाचता आले तर त्या वेळी या पाण्यात कोण होतं ते कळेल. ज्यांना हाड नाही, शिंपला नाही, ज्यांचं काहीच मागे उरलं नाही, तेसुद्धा.

"किती जुना?"

"तळाचं टोक काही हजार वर्षांचं असावं. शिंपल्यांवरून नक्की कळेल."

हमीदभाईंनी पाइपवर ठेवलेला हात उचलला. मग आतल्या माणसाला हाक मारून म्हणाले, "ह्याला मागच्या खोलीत ठेव. एकटा. पापलेटांबरोबर नको."

२८ डिसें. (गावी)

पेणहून टमटमने. आई मिठागरावरच भेटली. फळी ओढत होती. तिला बाजूला बसवून सगळं सांगितलं, हमीदभाईंना सांगितलं तसंच. ती ऐकत होती की नाही कळेना.

मग म्हणाली, "सगल्यांचा रहतो?"

"सगळ्यांचा नाही. थोडासा. राहिला तर."

"मानसांचा पन?"

मी हो म्हटलं. विचार न करता.

ती उठली. फळी घेतली, परत खाली ठेवली. "तुझा बाप तिकरंच रायला."

मी पाचवीत होते. बाबा मिठाच्या मचव्यावर, मुंबईला निघालेले. खाडीच्या तोंडाशी मचवा उलटला. बाकीचे सापडले, बाबा नाही. आईने बारा वर्षं कुंकू लावलं, मग काकांनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकला. त्या दिवशी आई घरी नव्हती, इथेच होती, मिठागरावर.

आमचा पाइप रेवदंड्यासमोरचा, बाबा गेले ते ठिकाण वेगळं. आणि तळाचा थर तर कितीतरी आधीचा. हे सगळं तिला सांगितलं. तिने मान हलवली. पण मी निघाले तेव्हा पुन्हा, "काय मिललं त सांग गो."

पुणे, ११ फेब्रुवारी १९९८

रोह्याला कॉलेजच्या खोलीत गाळाचे तुकडे कापले, बर्फात घालून पेण-खोपोली मार्गे इथे आणले. आठवडा झाला. रोज तेच. गाळ कुटायचा, रसायनं घालायची, यंत्रात गरगर फिरवायचा, वरचं पाणी काढायचं. पाणी कोऱ्या चहासारखं. हा चहाच घात करतो, त्यातलं कुजलेल्या पानांचं द्रव्य पीसीआर चालू देत नाही. पीसीआर म्हणजे यंत्र आलटून पालटून तापवतं-गार करतं आणि धाग्याच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती होतात. तुकडा असला तर. त्या प्रती जेलीच्या पातळ वडीवर, जेलवर, रेघ होऊन चमकायला हव्यात. आमच्या जेलवर रोज काळोख.

साठे सर: "पाटील, थंड समुद्रात टिकत असेल एखादे वेळी. आपलं पाणी गरम. फार अपेक्षा ठेवू नका."

ठेवतेच आहे.

पुणे, १९ फेब्रु.

दिसली.

तो चहा दहापट पातळ करून घातला होता, म्हणजे त्यातलं द्रव्य आड येणार नाही. जेल अतिनील दिव्यावर ठेवलं, डोळ्यांवर पारदर्शक मुखवटा धरला. पहिल्या घरात मोजमापासाठीच्या रेघांची शिडी. दुसऱ्यात नुसतं पाणी घातलेलं, ते कोरं, म्हणजे रसायनं स्वच्छ. तिसरं, चौथं कोरं. पाचव्यात, तळाच्या गाळाच्या घरात, एक नारिंगी रेघ. फिकी. बारीक. पण रेघ.

सर आले. पाहिलं. बाहेर गेले, चहा पिऊन आले, पुन्हा पाहिलं.

"पाणी कोरं आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"मग कोण आहे हे?"

दिवा बंद करवेना. हजारो वर्षं अंधारात पडून होतं ते कोणीतरी, आणि आज त्याच्यावर उजेड पडला. माझ्यासमोर. फोटो सरांनी काढला.

रोहा, १ मार्च

रेघेतला तुकडा वाचायला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलाय. वाट बघायची.

वर्गात शिकवताना मधेच थांबते. मुलं एकमेकांकडे बघतात. प्रकाश सेकंड शिफ्टला जाताना म्हणाला, "डबा भरलास, त्यात फक्त चटणी आहे." खरंच होतं. रागावला नाही, हसला. "काय असेल गं ते?" त्यालाही लागलंय आता.

एखादा किडा असेल. समुद्री गवत असेल. इथे तेव्हा गवताची कुरणं असतील तळाशी आणि त्यात चरणारे... काहीही असू शकतं. हे 'काहीही' किती मोठं आहे.

आईला निरोप पाठवला, काहीतरी मिळालं म्हणून. पाठवायला नको होता.

रोहा, २४ मार्च

कॉलेजच्या ऑफिसात सरांचा फोन. शिपाई वर्गावर बोलवायला आला.

"पाटील, उत्तर आलं. माणूस आहे."

मला एक क्षण कळलंच नाही.

"माणसाचा डीएनए. तुमचा किंवा माझा. पुण्यात मी नळ्यांना हात लावला नव्हता आणि पाण्याचं घर कोरं होतं. कापतानाच पडलं असणार. कापलं कोणी?"

मीच. एकटीने. हातमोजे होते, तोंडाला काही नव्हतं. आठवड्याभराची सर्दी होती.

"होतं असं," सर म्हणाले. "भल्याभल्यांचं होतं. नव्याने करू."

फोन ठेवला. हेडक्लार्कनी पाणी दिलं. ज्याच्याकडे बघून दिवा बंद करवत नव्हता, ती मीच होते. माझी शिंक.

पुलापर्यंत चालत गेले. ओहोटी होती, कुंडलिका नदीचा चिखल उघडा पडलेला. रडू आलं नाही. नुसतं रिकामं वाटलं.

२९ मार्च (गावी)

आई अंगणातच उभी होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलेलं, सुरेखाला दर्यातून माणूस मिळाला. कोणी, कसं, देव जाणे. माझा आधीचा निरोप नि याच गावात दिलेल्या प्रकाशच्या बहिणीचं तोंड, दुसरं काय.

डोकीवरून पदर घेतला होता, नवं लुगडं.

तिला आत नेलं. सगळं सरळ सांगितलं. माणूस मिळाला हे खरं, पण तो जुना नाही. तो माझाच. मी कापताना माझ्या तोंडातून उडालं. बाबांचं त्यात काही नाही, आई. असणंच शक्य नव्हतं.

ती उठली. चुलीवर भात होता तो उतरवला. पाठमोरीच होती. मग विचारलं, "तो धागा तुला कुटशी आला?"

"अर्धा तुझ्याकडून. अर्धा बाबांकडून."

"मंग?"

"मग काय?" मी म्हटलं.

"मंग त्याचा अर्धा होताच ना तिकरं."

हसली नाही, रडली नाही. ताटं वाढायला घेतली. मला म्हणाली, "जेव. उनाचा जीव गेला असंल."

बसमध्ये वडखळ येईपर्यंत खिडकीला कपाळ टेकून बसले. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग. हे मी एफवायच्या पोरांना दर वर्षी शिकवते. अर्धा आईचा, अर्धा वडिलांचा. फळ्यावर आकृती काढून. मला एकदाही वाटलं नव्हतं की बाबा इथे आहेत, माझ्या मनगटात, या बसमध्ये.

रोहा, १५ मे (रात्री)

काल दुपारी हमीदभाईंचा जावई सायकलवर आला. कंप्रेसर बसला. पनवेलहून मेकॅनिक येईपर्यंत दोन दिवस.

प्रकाश फर्स्ट शिफ्टहून नुकताच आला होता, न जेवता तसाच माझ्याबरोबर निघाला. कारखान्याच्या दारात धावपळ. मासळीवाल्यांचे टेंपो, शिव्या, वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहतंय. मला वाटलं गेलं.

हमीदभाईंनी मागच्या खोलीत नेलं. गाळाचा पाइप दिसेना. बर्फाच्या लाद्या चारी बाजूंनी रचलेल्या, त्यावर भाताचा तूस हातभर, त्यावर पोती, पोत्यांवर त्यांच्या घरातल्या गोधड्या.

"लोकांची मासळी आहे, भाई," मी म्हटलं. "त्यांना बर्फ नको?"

"मासली उद्या परत मिलते."

काल-आज दर काही तासांनी आम्ही तूस उकरून बघतोय. प्रकाश शिफ्ट बदलून आला. वरचा भाग मऊ झाला, तो गेला. तळाचा भाग कडक राहिला. दगडासारखा.

१६ मे

कंप्रेसर चालू. हमीदभाईंच्या बायकोने गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, "पोरांच्या मुतानं भिजतात त्या, चिखलाच्या पान्यानं काय व्हतंय."

रोहा, २ जून

कापायचं काम कारखान्यातच केलं, सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी. प्रकाशने कंपनीतून मास्क आणला, मी वरून कोरा रेनकोट, डोक्याला प्लॅस्टिक, दोन दोन हातमोजे. हमीदभाई दारातून म्हणाले, "आता बाई कोन हाय ते घरवाल्याला पन वलखता येनार नाय."

गाळाचा बाहेरचा भाग सगळा तासून टाकला. त्याला पाइप लागलेला, हवा लागलेली, आम्ही लागलेलो. दर थराला नवी सुरी. फक्त आतला गर घेतला, फणसाचा गरा सोडवतात तसा. श्वास रोखून. बोटं निळी पडली.

तो गर कोणी पाहिलेलाच नाही. पडला, झाकला गेला, बस. माझी सुरी पहिली.

पुणे, २१ ऑगस्ट

रेघ पुन्हा आली. तळाच्या गाळात. पाण्याचं घर कोरं. सुरीच्या धुवणाचं घर कोरं. तुलनेला माझ्या थुंकीची मुद्दाम एक वेगळी नळी ठेवली होती, तिची रेघ ठळक, जाड. गाळाची फिकी.

या वेळी फोटो मीच काढला. मी दिवा लगेच बंद केला.

रोहा, ९ ऑक्टोबर

सर स्वतः आले, पुण्याहून एसटीने, कागद घेऊन. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणे. प्राणिशास्त्राच्या खोलीत टेबलावर कागद पसरले. अक्षरांच्या ओळी.

रेघ एकाची नव्हती. तिच्यातले तुकडे सुटे करून वाचलं तर कितीतरी जण. एक काचेच्या डबीसारख्या कवचात राहणारं बारीक शेवाळ, ते आजही आपल्या पाण्यात आहे. एक बारीक किडा. एक बुरशी. माणूस नाही. सरांनी दोनदा सांगितलं, माणूस नाही.

मग एक ओळ बोटाने दाखवली. "हा."

जगभरात ज्यांचा डीएनए वाचून झालाय त्या जिवांच्या भांडारात ती घालून पाहिली. ई-मेलने उत्तर येतं, सगळ्यात जवळचं कोण ते. जवळचं कोणीच नाही. एकपेशीय असावा, इतकंच. शेवाळाच्या कुळातला? नाही. त्याच्या चुलत कुळातला? तेही नाही. फांदीच वेगळी.

"दोनच शक्यता," सर म्हणाले. "आपण चुकलोय. तुकडे एकमेकांना चुकीचे चिकटले, असं होतं यंत्रात. किंवा..."

"किंवा?"

"किंवा इथे कोणीतरी राहत होतं ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही."

खिडकीतून कुंडलिका दिसत होती. सर कागद हातात धरून तिच्याकडे बघत बसले. त्यांची पावणेपाचची गाडी चुकली. आम्हा दोघांच्याही लक्षात आलं होतं, पण उठलं कोणी नाही. प्रकाशने नंतर घरी नेऊन जेवू घातलं.

झोपताना प्रकाशने विचारलं, तो अजून असेल का पाण्यात? मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. मी तो मेलेलाच धरून चालले होते. असेलही. कोणी शोधलाय कुठे. रोज भरतीला पुलाखालून जात असेल.

१५ नोव्हेंबर

ठरलं. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या जागी, आमच्याशिवाय करून पाहायला हवं. गोव्याची एक प्रयोगशाळा तयार झाली. त्यांची जीप मुंबईहून परतताना हायवेला थांबणार.

उरलेला तळाचा गाळ मुठीत मावेल एवढा. निम्मा द्यायचा. उरलेला निम्मा हमीदभाईंकडेच. सर म्हणाले होते, सगळा वापरून मोकळे होऊ, पुन्हा पुन्हा खात्री करू. मी नाही म्हटलं. आज जे वाचता येत नाही ते वाचणारं कोणी उद्या येईल, त्याच्यासाठी काहीतरी नको का राहायला? सरांशी पहिल्यांदा वाद घातला. शेवटी म्हणाले, "तुमचा गाळ आहे, पाटील."

माझा नाहीये. पण हो म्हटलं.

वडखळ, २२ नोव्हें.

नाक्यावर जीपची वाट बघत आम्ही तिघं. मी, प्रकाश, आणि हमीदभाई. त्यांना यायची गरज नव्हती, पण खोका त्यांनी स्वतः बांधला होता, दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नाहीत. ट्रकांची धूळ. समोर अलिबागच्या गाड्या वळतायत.

जीप आली. आतून एक तरुण मुलगी उतरली, जीन्स, गळ्यात कॅमेरा. खोका घेताना हमीदभाई तिला म्हणाले, "उन्हात ठेवू नको. नि गाना मोठा लावू नको गाडीत."

ती हसली. आम्हाला वाटलं भाई पण हसतील. ते हसले नाहीत.

१२ डिसेंबर १९९८

गोव्याहून काही नाही. इतक्यात येणारही नाही, रसायनं यायचीत त्यांची.

आज एफवायला एकपेशीय जीव. अमीबा झाला, पॅरामेशियम झालं. आकृत्या काढल्या. शेवटी राहवलं नाही, गाळाचं सांगितलं. नाव नसलेल्याचंही. खात्री नाही हेही सांगितलं.

मागच्या बाकावरून निडी गावची मुलगी, रोज सकाळच्या गाडीने येते, कधी तोंड उघडत नाही, तिने हात वर केला. "मॅडम, तो दिसायचा कसा?"

खडू घेऊन फळ्याकडे वळले. एक गोल काढला. पेशी आहे म्हटल्यावर कडा तर असणार. आत काय काढू? शेपूट काढू का बाहेर? केस? सूर्यप्रकाश खायचा की दुसऱ्याला खायचा? हात फळ्यावर तसाच.

"माहीत नाही," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. ती मुलगी वहीत काहीतरी काढत होती. काय ते मी पाहायला गेले नाही.

घंटा झाली. डस्टर सापडेना म्हणून फळा तसाच टाकून बाहेर आले. पुढचा तास इतिहासाच्या बाईंचा. व्हरांड्यातून वळून पाहिलं. त्यांनी गोलाकडे जरा वेळ बघितलं, मग तो तसाच ठेवून शेजारच्या जागेत धडा लिहायला घेतला.